आजीचं पीठ

आये,

आज दुपारी आपल्या चिमीच्या पायाशी खाणीतला दगड पडला. पोर वाचली गं! तुझा लेक बोयसरला कंपनीत पाळीवर हाय. सांगू कोनाला? म्हनून सासवेलाच लिवते.

तू होतीस तेवा खाण टेकडीच्या पल्याड होती. आता आपल्या वालाच्या बांधाला टेकली. फुलावर पांढरी भुकटी बसते, शेंग धरत नाय. रोज सकाळी बांधाकडच्या वेलांवर कळशीनं पानी मारते. शेजारची जानकी काकी म्हनते, "वालाला न्हायला घालतेस, नवऱ्यालाबी घालतेस का?" तीबी पेंढा झटकूनच बैलांपुढं टाकते हां! हंड्यावर दुहेरी फडकं बांधते मी. हे सगळं जमतं, आये. पोरीचं जमत नाय.

ढग गडगडले की तू तिला मांडीवर घ्यायचीस. "भिऊ नको, वर म्हातारी दळते." खाणीत सुरुंग उडाला तरी तेच! का गं तसं सांगितलंस? तू गेलीस, आनि तिनं मनानंच ठरवलं, आता वर दळनारी म्हातारी म्हंजे आजी.

आज खाणीचा भोंगा वाजला. मी ओरडले, "चिमे, आत ये!" तर ही सूप घेऊन अंगनात! वर तोंड करून म्हनते, "आई, आजीचं पीठ येतंय. भाकरी कर."

तेवढ्यात धाडकन! दगड सूप फाडून खाली आला. ती रडली नाय. मला विचारलं, "आजी माझ्यावर रागावली?"

तिला कडेवर घेतलं.

तशीच खाणीवर गेले. मुकादम म्हनतो, "भाभी, भोंगा बजता है ना? अंदर बैठने का." अंदर! कुडाचं घर आपलं, वर कौलं. किती आत जाऊ?

तुझं जातं ओटीवरच हाय. उद्या सकाळी तिला समोर बसवीन, मूठभर तांदूळ तिच्याच हातानं दळून घेईन. "ऐक, ही घरघर आजीची. तो मोठा आवाज खाणीचा. भोंगा झाला की पळत आत, खाटेखाली." रोज दळीन, तिला आवाज कळंपर्यंत.

दगडाची भीती तिला घालीन, आये. तुझी घालनार नाय.

तुझी सून,
कल्पना