बर्फावरचं बटण

प्रिय सूनबाई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवशील, अशी मला शंका आहे. शंका घ्यायची माझी खोडच आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! पण फोनवर बोलायची सोय नाही. घर लहान, ह्यांच्या कानावर सगळं जातं.

चिमणी आता नीट जेवते ना? तिच्या इवल्याशा हाताला लावलेलं सलाईन अजून डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दिवशी सकाळी तू केलेलं कोंबडीचं सूप, तूच निववून फ्रिजमध्ये ठेवलेलं, संध्याकाळी मी तिला दिलं. चांगलं खळखळून उकळून दिलं गं. तू सांगायचीस, "आई, शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर राहिलं की त्याचा भरवसा नाही. उकळल्यावर जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेलं विष उरतंच." रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात लागल्यापासून तू घड्याळ बघून भात उचलून ठेवायचीस आणि मी नाक मुरडायची. म्हणायची, आमची अख्खी पिढी काय उपाशी जगली?

पण त्याआधीच फ्रिजमधलं दूध नासायला लागलं होतं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली होती. संध्याकाळी बघावं तर फ्रिज गारेगार! शेवटी चिमणी आजारी पडल्यावर शिवणवर्गातल्या एकीने युक्ती सांगितली. वाटीत पाणी गोठवलं आणि बर्फावर जुन्या कोटाचं पितळी बटण ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बटण तळाशी, वर नव्या बर्फाचा पापुद्रा. म्हणजे मी नसताना कुणीतरी फ्रिज तासन्‌तास बंद ठेवत होतं. मी अकराला बाहेर पडते, तू बाराला. कामाचे कपडे इस्त्री करतेस ते त्याच प्लगवर, मग फ्रिज तसाच बंद ठेवून जात असशील. हे तर जेवून आडवे होतात, उठल्यावर लावत असतील. शिवाय चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त केलेला माणूस आपलाच फ्रिज कशाला बंद करील? झालं, माझा हिशेब जुळला. चिमणी दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी सगळ्यांदेखत मी तुला म्हटलं, "परक्यांच्या ताटाला जपतेस आणि पोटच्या पोरीला शिळं घालतेस." तू एवढंच म्हणालीस, "मी प्लगला हात लावलेला नाही, आई." आठव्या दिवशी तुमचं बिऱ्हाड वेगळं झालं.

तुम्ही गेल्यावरही बटण बुडतच राहिलं.

परवा वर्गाला जाते म्हणून निघाले आणि तासाभराने परत फिरले. चोरासारखं दार लोटलं. फ्रिजचं दार सताड उघडं, दूध, अंडी, उकडलेले बटाटे सगळं फरशीवर, आणि तुझे सासरे पाठीमागची जाळी खोलून बसलेले. मी विचारलं, "अहो, हे काय चाललंय?" त्यांनी वर पाहिलं, अगदी अदबीने हसले आणि म्हणाले, "या ताई. तासाभरात होईल तुमचं काम. घरात लहान मूल असेल तर हे दूध नका देऊ हं." एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला पहिल्यांदा ताई म्हटलं. मी स्टूल ओढलं आणि गिऱ्हाइकासारखी बसून राहिले. काम संपल्यावर त्यांनी सगळं नीट आत ठेवलं, प्लग लावला आणि जाऊन झोपले. उठले तेव्हा मला नेहमीसारखी हाक मारून चहा मागितला.

आता जे सांगायला हा कागद घेतला, ते सांगते. तुला घालूनपाडून बोलले त्याच्या आदल्या दिवशी फ्रिजमागे मला ह्यांचा पेचकस सापडला होता. मी तो पुसून कपाटात ठेवला आणि स्वतःलाही विचारलं नाही, तो तिथे कसा गेला. त्यांच्यावर शंका घेण्यापेक्षा तुझ्यावर घेणं सोपं होतं, बाळा. तुझ्या नवऱ्यालाही वेगळं लिहिलंय, आणि पहिल्याच ओळीत तुझी चूक नव्हती हे लिहिलंय. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी एक मागते. ह्यांना डॉक्टरकडे न्यायचंय आणि माझं ते ऐकत नाहीत. माझी ओळख त्यांना असते-नसते. पण रोज संध्याकाळी खिडकीशी उभे राहून विचारतात, "सूनबाई अजून कामावरून आली नाही?" रोज काहीतरी खोटं सांगते. रविवारी येशील?

तू मानलंस तर तुझीच,
आई