दिनेशच्या पुस्तकाची शिवण

मोखाडा, गुरुवार संध्याकाळ

आज दिनेशच्या कायद्याच्या पुस्तकाची शिवण कापली. पान सपाट झाल्याशिवाय फोटो नीट येत नाही, आणि फोटोतल्या अक्षरांचा मजकूर केल्याशिवाय फोन वाचून दाखवत नाही. दिनेशला, माझ्या नवऱ्याला, आता छापील अक्षरं दिसत नाहीत, आणि नोकरीतली खात्याची परीक्षा तर तोंडावर आलीय.

"काप ना," तो म्हणाला, पण तोंड फिरवून बसला. शिवण कापताना मला का वाटलं, की त्याचे डोळे सुधारणार नाहीत हे मीच कबूल करतेय?

पहिल्यांदा फोननं सगळी जोडाक्षरं भलतीच वाचली. तो चिडून उठला. "राहू दे. मी नाही बसत परीक्षेला."

मी पानं दारातल्या उजेडात नेऊन पुन्हा फोटो काढले. मग त्यानंच फोनला 'ग्रामसभा' शोधायला सांगितलं. फोन थेट त्या पानावर गेला आणि स्वच्छ वाचू लागला.

"थांबव," तो म्हणाला. "पुढचं मला पाठ आहे."

डोळे मिटून त्यानं पुढचा परिच्छेद म्हणून दाखवला. मी पानावर बघत होते. एक शब्द चुकला. आज नाही सांगितलं.