ढमीचं बंद केलेलं कार्ड

सोमवार, ९ मार्च

प्रिय ढमीस,

अनेक आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर टाकतेय. फाडायचीच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून मग फाड.

इकडे सगळं ठीक. गुडघा आपला दुखतोय. वरच्या मजल्यावरच्यांनी ड्रिल मशीन आणलंय आणि त्यांना भिंतीत भोकं पाडायचा नादच लागलाय. तुझ्या खोलीतला केर काढते, बाकी कशाला हात लावत नाही.

आज बँकेत गेले होते. खरं सांगायचं तर तुला खोटं पाडायला. "तुझ्यामुळे माझं कर्ज गेलं" म्हणून मैत्रिणीकडे निघून गेलीस ना तू. न वापरलेलं क्रेडिट कार्ड बंद केलं म्हणून कधी कुणाचा तो कर्ज देताना बघतात तो स्कोअर पडतो का, असं तुझा अर्ज बघणाऱ्या कर्जाच्या बाईंना तोंडावर विचारायचं आणि तुला ऐकवायचं, असा बेत होता. जन्मभर मी हेच करत आले. खोलीत कुणी नसलं की दिवा बंद, पाहुणा हात धुऊन वळायच्या आत नळ बंद. तुझं पहिल्या नोकरीतलं कार्ड कपाटात नुसतं पडलेलं. म्हटलं, परगावचं ते चष्म्याचं दुकान घ्यायला कर्ज काढतेयस, तर आधी ही ब्याद काढून टाक. तू म्हणालीस, "असू दे गं आत्या, खायला मागतंय का ते?" तरी शेजारी बसून मी तुला बँकेला फोन लावायला लावला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नेहमी पडतो असं नाही, पण हिचा पडलाय." दोन्ही कार्डांची मिळून जेवढी मर्यादा होती, ती निम्म्याहून खाली आली. दुसऱ्या कार्डावर तू डोळे तपासायचं यंत्र घेतलंस. तो खर्च होता तेवढाच आहे, पण आता बँकेला वाटतं, हिचा हात तंग आहे. "बंद करायच्या आधी विचारलं असतंत तर कर्ज होईपर्यंत राहू द्या म्हटलं असतं."   कधी एक बिल थकवलं नाही मी, आणि तुझं कर्ज माझ्यामुळे गेलं.

पुढचं लिहायला हात धजत नाही. मध्ये उठून चहा करून आले.

कर्ज नाकारल्याचं तू दारातच सांगितलंस, पायातले बूटही न काढता. रडत होतीस. आणि ढमे, मला बरं वाटलं. क्षणभर नाही, पुढे दोन दिवस. आता ही दुकान घ्यायला त्या परक्या गावाला जात नाही, म्हटलं. तुझी पाठ थोपटत होते आणि मनात चाललं होतं की तुझ्या खोलीतला पंखा बदलून घेऊ. आज त्या बाईंसमोर ते आठवलं आणि माझी मलाच भीती वाटली. तुझी आई गेल्यापासून तुला वाढवलं, ते या असल्या बाईने.

कार्ड मी मुद्दाम बंद करायला लावलं नाही, शपथेवर सांगते. पुढचं मात्र मुद्दाम केलं.

तू दुकानाच्या मालकांना "जमत नाही" असा मेसेज टाकलास आणि त्यांचाही फोन घेईनाशी झालीस. गेल्या मंगळवारी त्यांनी मला फोन केला. दुकान बघायला गेलो तेव्हा मोठं माणूस म्हणून मीच नंबर देऊन आले होते. म्हणाले, "तुमच्या भाचीला सांगा, दुकान तिलाच द्यायचंय. जूनअखेरपर्यंत मी थांबतो." मी म्हटलं, सांगते. आणि सांगितलं नाही. तू फोन उचलत नाहीस, ही सबब माझी मलाच देत बसले. मेसेज टाकता येतो मला, तुला ठाऊक आहे.

बाई म्हणाल्या, यंत्राचे उरलेले पैसे फेडले की दोन-तीन महिन्यांत स्कोअर पुन्हा चढेल, मग नव्याने अर्ज करा. म्हणजे जूनपर्यंत जमतंय. मी आणखी गप्प बसले असते तर जमलं नसतं, आणि तुला कधी कळलंही नसतं.

मालकांचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. आधी त्यांना फोन कर. मला नाही केलास तरी चालेल, असं लिहिणार होते. नाही चालणार. पण तू जा.

तुला अडवून बसलेली,
आत्या