दोन टिंबांचे देश

घडियाळी पोळ, बडोदे
दि. ९ मार्च १९९७

ती. मंदाआत्या,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे. तुझ्या पोस्टकार्डांसारखं फक्त 'खुशाल आहे' लिहून थांबता आलं असतं, पण मला कुठे तेवढा संयम!

बाबांचा गुडघा ढग यायच्या आधीच दुखतो आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. शेजारच्या गंगाबाई जिन्यात गाठून विचारतात, "मंदा क्यारे येणार गं?" अर्धं गुजराती, अर्धं मराठी आणि नजर पूर्ण माझ्यावर. मी "काकांकडे रमलीय" म्हणते आणि सटकते. तुला ग्वाल्हेरला जाऊन वर्ष उलटलं.

आता आनंदाची बातमी. परवा माझी तोंडी परीक्षा झाली. पास झाले! आईने शिरा केला, पण तूप तुझ्यासारखं सढळ नव्हतं. परदेशी कर्ज घेऊन गरीब देश वाढतात की बुडतात, या एका प्रश्नाने मी पाच वर्षं घर पिडलं. तो प्रबंध एकदाचा मार्गी लागला. कॉलेजातली कायमची जागा त्यावरच अडली होती, तीही मिळेल असं माझे मार्गदर्शक अमीनसाहेब म्हणतात.

एकदा मेथी निवडता निवडता तू विचारलं होतंस, "ते आलेख राहू दे, कर्ज काढावं की नाही एवढं सांग." ऐक. ज्यांनी ते वीजघरात, बंदरात, कारखान्यात घातलं ते देश काही वर्षं वाढताना दिसतात. पण माल विकून आलेले डॉलर जुन्या हप्त्यांतच जायला लागले की यंत्रांचे सुटे भाग येत नाहीत, शाळा रखडतात, आणि पुढचं कर्ज मागचं फेडायलाच काढावं लागतं. मग वाढ थांबते. एक्याण्णव साली आपल्या सरकारने सोनं तारण ठेवलं तेव्हा बाबा चिडले होते. तू शांतपणे म्हणालीस, "गहाण टाकणाऱ्याला लाज वाटायला वेळ नसतो, दादा. त्याला घाई असते." हे वाक्य प्रबंधात घालता येईना, पण माझं तिसरं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

माझं पहिलं उत्तर मात्र उलटं होतं. ते चुकलंय हे साहेबांनी दाखवलं तेव्हा तू तिथेच बसली होतीस.

जागतिक बँकेचे ते जाडे ग्रंथ लायब्ररीबाहेर नेऊ देत नसत. तू नुकतीच बँकेतून निवृत्त झाली होतीस. साहेबांची चिठ्ठी घेऊन दोन महिने तिथे बसलीस आणि साठ देशांचे आकडे फुलस्केपवर उतरवून दिलेस. बिनपगारी! वर येताना माझ्यासाठी भाकरवडी. मी ते कॉम्प्युटरला चारले आणि उत्तर आलं, कर्ज जितकं जास्त तितकी वाढ जास्त. मी हवेत. साहेबांनी आलेख नाकाशी धरला आणि शून्याच्या रेषेवर बसलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "आ बधा गरीब देश, ने देवुं शून्य? आ कोणे भर्युं, शलाकाबेन?" एवढे गरीब देश आणि कर्ज शून्य, हे भरलं कोणी?

पुस्तकात ज्या देशाचा आकडा मिळत नाही तिथे दोन टिंबं छापलेली असतात. कुठे लढाई, कुठे दुष्काळ, मोजायला माणूस उरलेला नाही. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले हे देश, टिंबांच्या जागी शून्य पडल्यामुळे, आपल्या कागदांवर बिनकर्जी ठरले होते, आणि वाढही शून्य. म्हणून कर्ज न घेणारे मागे पडलेले दिसत होते.

मी साहेबांना म्हटलं, "माझ्या आत्याने भरलं. बँकेत होती ना, रकाना रिकामा सोडायची सवय नाही तिला."

तू पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस. म्हणालीस, "हो साहेब, अक्षर माझंच आहे." पंधरा दिवसांनी काकूला मदत लागते म्हणून तू निघालीस, आणि मी स्टेशनवर नुसती बॅग उचलून दिली.

कॉलेज सांभाळून साठ देशांचं काम पुन्हा करायला मला सहा महिने लागले असते आणि जागेचा अर्ज बुडाला असता. तू ठेवून गेलेले कागद रडत उघडले. तू प्रत्येक खोट्या शून्याशेजारी पेन्सिलीने दोन बारीक टिंबं देऊन ठेवली होतीस; घाईने आकडे चारताना मी ती पाहिलीच नव्हती. खरी शून्यं नुसतीच. तीन दिवसांत मी सगळं निवडून काढलं. आत्या, माझी पदवी त्या पेन्सिलीने वाचवली. तुझे उपकार मी कशानेही फेडू शकणार नाही, आणि खरं सांगते, फेडायचेही नाहीत मला. राहू देत माझ्या अंगावर.

आता जे वर्षभर लिहायचं टाळलं ते. पहिल्याच कागदाच्या समासात तुझ्या अक्षरात आहे: 'दोन टिंबांचे काय करायचे, शलाकास विचारले. शून्य लिही म्हणाली. १४ ऑगस्ट ९५.' मला तो दिवस आठवतो. मी केस वाळवत होते. मान वर न करता म्हटलं होतं. साहेबांसमोर बोलतानाही आठवत होतं.

आणि तो कागद त्या वेळी तुझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. काढून दाखवायला क्षणही लागला नसता.

परवा परीक्षकांनी विचारलं, "हे बारा देश वगळले, का?" मी सगळी हकीकत सांगितली. तो कागदही पुढे ठेवला, समासासकट. अमीनसाहेबांनी चष्मा काढून दोनदा वाचला. एवढंच म्हणाले, "मंदाबेनने मारा नमस्कार लखजो." म्हणून त्यांचा नमस्कार लिहिते.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर पहिलं नाव तुझं आहे, आणि चूक कोणाची होती तेही छापलंय. त्या पानाची प्रत सोबत आहे. पदवीदानाला घरच्यांचे दोन पास मिळतात. एकावर बाबांचं नाव घातलं. दुसऱ्यावर तुझं घालायची छाती झाली नाही, आणि दुसऱ्या कोणाचं घालणार नाही. तू येशील तर ये. नाही आलीस तर तो रकाना रिकामाच राहील. या वेळी मी त्यात काही भरणार नाही.

काका-काकूंना नमस्कार.

'शून्य लिही' म्हणालेली, तुझीच
शलाका