हाकेला ओ

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचा. एक्कावन्नाव्या वर्षी लोक नातवंडांची वाट बघतात आणि मी दोन बॅगा, एक गादी आणि लेकीने बळेच दिलेली ही वही घेऊन परक्या शहरात बिऱ्हाड मांडतोय. बाबा, रोज लिहा, म्हणजे एकटे बडबडत बसणार नाही, अशी तिची आज्ञा. खोली मात्र झकास मिळाली. तिसरा मजला, उजेड भरपूर, नळाला पाणीही जोरात. स्वयंपाकघर एवढं चिंचोळं की ओट्याशी उभं राहिलं की पाठ भिंतीला टेकते. दुखली तर शेकायला सोय!

बायकोला तिकडची नोकरी सोडून लगेच येता येणार नाही. दवाखान्यात बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटांची नावं ती पुकारते. आवाज असा खणखणीत की पेंगणारे पेशंट ताडकन उठून आपलं नाव नसतानाही आत जातात म्हणे. माझा जुना कारखाना बंद पडल्यावर घर त्या आवाजावर चाललं. आता माझी पाळी. एकंदरीत मजेत आहे.

गुरुवार, ७ मार्च

काम जमतंय. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून येतात, दिव्यासमोरून सरकत जातात. बुडबुडा, तडा, वाकडी मान दिसली की उचलून बाजूला टाकायची. बाटल्यांच्या खणखणाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून सगळ्यांच्या कानात बोळे. काही सांगायचं तर खांद्यावर थाप, नाहीतर हातवारे. माझा साहेब लेकीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा असेल. तो मला बोट वाकवून बोलावतो. पोरगा वाईट नाही, दुसरा इलाजही नाही. पण इथे आल्यापासून मला एकदाही कुणी हाक मारलेली नाही, हे आज जेवताना लक्षात आलं.

रविवार, १० मार्च

आज चांगलीच फजिती झाली. दाढी करत होतो. स्वयंपाकघराच्या बाजूने बाईचा आवाज आला, "अहो!" आणि मी, तोंडभर फेस असताना, "ओ!" म्हणून मोकळा झालो. लग्नाला चोवीस वर्षं झाली. अहो आलं की ओ जातोच, तोंड डोक्याची परवानगी घेत बसत नाही. मग उमजलं, ही आपली नव्हे. शेजारच्या बिऱ्हाडातली बाई नवऱ्याला बोलावत असणार, भिंती पातळ आहेत. लोकांच्या बायकोला ओ देणारा नवरा! कान तापले. बायकोला सांगितलं असतं तर ती आठ दिवस हसत बसली असती. पण सांगितलं नाही. का नाही, कोण जाणे.

शुक्रवार, १५ मार्च

लिहू की नको असं झालंय. ही वही लेकीच्या हाती पडली तर तिला तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

रोज संध्याकाळी कुलूप उघडलं की हाक येते. अहो, आलात? आणि मी ओ देतो. आता सवयीने नाही, मुद्दाम देतो. दबक्या आवाजात, पण देतो. ती पुढे काही म्हणत नाही. नळ गळतोय म्हणत नाही, तुमच्या बहिणीने पुन्हा फोन केला होता म्हणत नाही. नुसतं आलात का विचारते, आणि दिवसभर वाकड्या बोटाने बोलावल्या गेलेल्या माणसाला तेवढं पुरतं. आज बायकोचा फोन आला तेव्हा मी हं हं करत होतो आणि कान स्वयंपाकघराकडे. तिचा घसा धरलाय. थंड पाणी प्यायले असेन म्हणाली. मी म्हटलं गुळण्या कर, आणि फोन ठेवला. पन्नाशी उलटल्यावर ही थेरं. स्वतःची लाज वाटते, आणि संध्याकाळ कधी होते याची वाटही बघतो.

मंगळवार, १९ मार्च

जिन्यात शेजारी भेटला. म्हातारा शिंपी आहे, गळ्यात अजून मोजायची टेप. मी साळसूदपणे विचारलं, वहिनी बऱ्या आहेत ना? तो बघतच राहिला. कसल्या वहिनी, म्हणाला, लग्नच नाही केलं, सगळा जन्म सुईदोऱ्याशी गेला. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

मग तो हसून म्हणाला, तुमच्या आधीचा भाडेकरूही नेमकं हेच विचारायचा. तोही एकटाच आला होता. त्याच्या बायकोचे फोन यायचे तेव्हा तिचा आवाज जिन्यात ऐकू यायचा, इतकी बोलकी. पुढे तो तिला घेऊन आला तर बिचारी मुकी, सगळं खुणांनी. हे कोडं आपल्याला काही सुटलं नाही, असं म्हणत तो खाली उतरला.

मी वर आलो. कुलूप उघडलं. हाक भिंतीपलीकडून येत नाही. ओट्यापासून येते, माझ्याच घरातून. तिथे कुणी नव्हतं. आज ओ द्यायचा नाही असं जिना चढताना ठरवलं होतं. दिला.

रविवार, २४ मार्च

लेकीचा फोन आला. आईचा आवाज पार बसलाय. डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं, काही दिसत नाही म्हणतात. दवाखान्याने तिला पुकारायच्या कामावरून काढलं. बाकावरच्या एका पेशंटने हिला कशाला उभं केलंय म्हणून सगळ्यांसमोर विचारलं, ती घरी येऊन पडून राहिली. लेक रडत होती. मी धीर दिला.

फोन ठेवला आणि आतून हाक आली. बायकोच्या आवाजात. ती "अहो"मधला "हो" जरा लांबवते आणि शेवटाला वर चढवते, तशीच. इतके दिवस तो आवाज परका होता. आज नव्हता.

शेण खाल्लं मी. शिंप्याने सांगितलं तेव्हाच कळायला हवं होतं. मी इथे एकेक ओ देत गेलो आणि तिथे तिचा — लिहवत नाही.

बुधवार, २७ मार्च

ओ देत नाही. कारखान्यातले बोळे घरातही कानात घालतो. तरी ऐकू येते. जीभ दाताखाली धरून बसतो. पहाटे जाग आली तेव्हा तोंडात अर्धा ओ होता. अर्धाच असेल. असू दे.

बायकोला फोन केला. नुसता श्वास. मीच बोललो, हवेबद्दल, बाटल्यांबद्दल. खरं काय सांगू? एका आवाजाच्या नादी लागलो आणि तुझा घालवला? बाई ठेवली असती तरी सांगणं सोपं गेलं असतं. भीती वाटते, पण लाज जास्त वाटते. अजूनही.

शुक्रवार, २९ मार्च

लेकीचा निरोप. आई निघालीय. बाबा फोनवर बरे वाटत नाहीत म्हणून. माझी काळजी! तिला!

खोली सोडतो. वाटेतच तिला गाठून परत नेतो. सामान बांधलं. दाराशी गेलो तर — अहो, मला इथेच टाकून?

तिचा आवाज इथे आहे. तो सोडून कुठे जाऊ —

पिशवी खाली ठेवली.

रविवार, ३१ मार्च

दुपारी आली. वाळलीय. गळ्याला बोट लावून मान हलवली, आणि हसली. माझ्याकडे बघून हसली.

स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही. तोंडाने सांगायचा धीर नाही. मागची पानं तिच्यापुढे ठेवली. वाचली. सगळी. रागावली नाही. रागावली असती तर —

शेजारी बसलीय. हेही वाचतेय.

हाक आली.

तिनेही ऐकली. स्वतःचा आवाज. उठून उभी राहिली — ओठ हलतायत तिचे, अहो असे — आवाज मात्र ओट्याकडून — ही बोलावतेय की ते —

माझ्या तोंडावर हात ठेवलाय तिने. घट्ट. नको म्हणतेय, मानेने, डोळ्यांनी —

पुन्हा. किती मायेने. अशी हाक तिने कधी —

नाही देणार. ऐक, नाही देणार. हात काढू नकोस —

तिच्या तळव्याखाली माझे ओठ गोल होताय—