ज्येष्ठेभोवतीची धूळ

आबा,

ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली सून थोरल्या दिराच्या जिवावर येते, असं बाळापूरच्या पाहुण्यांनी आपल्या ओसरीवर बसून सांगितलं आणि तुम्ही मान हलवलीत. निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्यांच्या मधल्या मुलासाठी ते मला बघायला आले होते. मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. पण आमचा थोरला आमाला जड न्हाई झाला." दाराआडून आई बोलली, "मंग आधी इचारायचं. शिरा खाऊन झाल्यावर काहून इचारता?" तुम्ही आईलाच दटावलंत. पाहुण्यांना म्हणालात, "तुमचं बराबर हाय."

काय बराबर होतं? त्याच वर्षी, पाहुणे यायच्या आधी, माघात ज्वारीच्या खळ्यावर तुम्ही राखणीला होता. पहाटे मी भाकरी घेऊन आले, तर तुम्ही आभाळात दक्षिणेकडे बोट केलंत. विंचवाच्या छातीत तांबडा तारा. "ही तुझी ज्येष्ठा. लोक काहीबाही बोलतात. ती तिथं, आपण इथं. तिला आपलं काय करायचंय?" तुम्ही सांगताय आणि मी ऐकतेय. मला तेव्हा कसलीच भीती वाटत नाही.

पुढे मी वर्तमानपत्रात लिहू लागले. एकदा ताऱ्यांवरचा मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, म्हणून पुस्तकं काढून बसले. ज्येष्ठा म्हणजे म्हातारपणी फुगलेला प्रचंड तारा. आपल्या सूर्याला गिळून वर उरेल एवढा. त्याला स्वतःची बाहेरची कातडी धरून ठेवता येत नाही. ती वाऱ्यासारखी सुटत जाते, लांब जाऊन निवते, तिची धूळ होते आणि त्या धुळीचा ढग त्याच्याच उजेडात दिसतो. म्हणजे हा तारा झिजवतो तो स्वतःला. बाळापूरच्या कुणा थोरल्याशी त्याचं वैर नाही. मजकूर वेळेत दिला. राग मात्र आजही तसाच आहे, आणि तो पाहुण्यांवर नाही. त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी फक्त थोरल्या मुलांची, ज्यांना वरचा भाऊच नाही अशांची, स्थळं शोधलीत, जणू मी विंचूच आहे आणि नांगी कुठे वळवायची एवढंच ठरवायचं आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तो मधला मुलगा मला मुळीच पसंत नव्हता. पाहुणे उठले की तुम्हाला नको म्हणून सांगायचं, हे मी ठरवलं होतं. ते सांगायची वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत.