वहिनीचा मुंढा

प्रिय वहिनी,

मी फोन केला की दादा तुला हाक मारतो आणि तू नुसती मान हलवून नको म्हणतेस, हे मला इथे बसून दिसतं गं. फोन नको तर नको, पत्र तरी वाचशील. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हातात कात्री धरवत नाही, म्हणून तू शिवणाच्या खोलीला कुलूप घातलंस आणि आता माझ्यात काय उरलंय म्हणत खिडकीशी बसून असतेस, असं दादा सांगत होता. ऐकून मला रडू आलं आणि तुझा रागही आला. पण आज रडगाणं नाही. आज एक नवल सांगायचंय.

झालं असं, की ग्रंथालयाच्या मागच्या दालनाचे पडदे शिवायचं काम मला मिळालं. माप घ्यायला गेले तर आत ही माणसं खुर्च्यांवर आणि भिंतीवर उजेडाचा भला मोठा चौकोन! ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा गट, म्हणे. महिन्यातून एकदा जमायचं आणि ज्याला जे आवडलं ते त्याने सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं, की झाला डेमो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, शेजारी भांडं पडलं तरी मी डोकावणार. गळ्यात टेप तशीच ठेवून बसले मागच्या खुर्चीवर. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या वेळा लावायचं काहीतरी दाखवत होते, त्यात मला पेंग यायला लागली. मग एक चष्मेवाली मास्तरीण उठली आणि तिने भिंतीवर चक्क शर्टाचं पेपर कटिंग काढलं! छाती, खांदा, बाही अशी मापं टाकायची, रेघा आपोआप उमटतात. छातीचं माप वाढवलं की पाठ, बाही, कॉलर सगळं आपापलं सरकून घेतं. मी आ वासून बघतच राहिले.

मग काय, माझे प्रश्न सुरू. हे कुणी केलं? अमक्या एकाने नाही, जगभरच्या कितीतरी जणांनी. आतली घडण बघता येते? हो, सगळी उघडी आहे, हवी तशी बदलून घ्या आणि दुसऱ्यालाही द्या. असं कुणी आपली विद्या वाटत सुटतं का, मी तोंडावरच विचारलं. चष्मेवाली म्हणाली, माझी कॉलर नीट बसत नव्हती, ती कुठल्यातरी अनोळखी माणसाने सुधारली. आता ती सगळ्यांचीच नीट बसते. वहिनी, आपल्या धंद्यात हे ऐकलंयस कधी? एकेका काटछाटीसाठी आपण दारं लावून बसणारी माणसं!

पुढच्या बैठकीला डेमो मीच दिला. हसू नकोस. तिथल्या तिथे कागद छापून, कापून दाखवायचा माझा थाट. कात्री चालवली आणि बाही उचलून बघते तर ती डॉक्टरांच्या दोन बोटांत बसेल एवढी! मी जन्मभर इंचात मोजणारी बाई, इंचांचे आकडे बिनधास्त टाकले, आणि ते सॉफ्टवेअर बसलं होतं सेंटिमीटर धरून. बाहुलीचा शर्ट झाला गं. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. पण गंमत बघ, त्यांनी माझी चूक सॉफ्टवेअर करणाऱ्यांना कळवली आणि आता ते आधीच विचारतं, इंच की सेंटिमीटर. माझ्या वेंधळेपणाचाही उपयोग झाला, याची मला भारी मौज वाटली.

नंतर डॉक्टरांच्या मापाचा खरा शर्ट शिवला. दिसायला झकास. पण त्यांनी हात वर केले आणि शर्ट पोटावरून वर सरकला. दोष मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात त्या गोलाईत. माझ्या तोंडून निघून गेलं, की माझ्या वहिनीच्या कपड्याचं असं कधीच होत नाही, माणूस झाडावर चढला तरी शर्ट जागचा हलत नाही. सगळ्यांनी एकदम विचारलं, कसं करतात त्या? मला सांगता येईना. मुंढा काढायची वेळ आली की तू मला चहा टाकायला पिटाळायचीस आणि दार लोटून घ्यायचीस. मी खूप लाडीगोडी लावली, पण तू काही बधली नाहीस.

तू माझ्या मापाने शिवलेला निळा कोट माझ्याकडे आहे. मी म्हटलं, उसवते मुंढा आणि घेते गोलाई उतरवून. तर वहिनी, या सगळं उघडं ठेवणाऱ्या माणसांनीच मला अडवलं. म्हणाले, करणाऱ्याने आपणहून दिलं तरच ते मोकळं, नाहीतर ती चोरी. आधी त्यांना विचारा. मी ओशाळले. तरी घरी येऊन कोट उजेडात धरून बसलेच. मग लक्षात आलं, की उसवून मला फक्त माझ्याच अंगाची गोलाई मिळेल. खांदा उतरता असला तर ती कुठे वळवायची, पाठीत बाक असला तर किती सोडायचं, हे काही कोटात नाही. ते तुझ्या डोक्यात आहे, आणि डोक्याला काहीही झालेलं नाही.

म्हणून हे पत्र. त्या सॉफ्टवेअरमध्ये मुंढा काढायला तुला कात्री लागत नाही, हातही लागत नाही. तू तिकडून सांगायचं, मी इकडे रेघ ओढायची, चुकले की तू ओरडायचं. मुंढा तुझ्या नावाने त्यात जाईल, सगळ्यांना वापरायला. द्यायचा नसेल तर नको देऊस, तो तुझा आहे, मी कोटाला हात लावणार नाही आणि पुन्हा विषयही काढणार नाही. पण हो की नाही, ते दादाकडून कळवू नकोस. मी रविवारी सकाळी फोन करीन, तो तूच उचल. नाही म्हणायला का होईना, तूच बोल गं.

तुझीच,
धाकटी वन्सं